मेजावरचा मुका सोबती

खामगाव, चिखली किंवा खुद्द बुलढाणा शहरातील एखाद्या अभ्यासिकेत डोकावले, तर पोलीस भरतीपासून राज्यसेवेपर्यंतच्या परीक्षांच्या तयारीत गढलेल्या तरुणांच्या मेजावर वही, पुस्तक आणि पाण्याची बाटली यांच्या पंक्तीला पालथा घातलेला मोबाईल हटकून आढळतो. आणि त्याचा आवाज बंद केला म्हणजे तो निरुपद्रवी झाला, असा त्या मंडळींचा प्रामाणिक समज असतो.

नेमका हाच समज टेक्सास विद्यापीठातील एड्रियन वॉर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ८०० जणांवर पारखून पाहिला आणि निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध केले. फोनचा आवाज व कंप बंद करवून काहींना तो मेजावर, काहींना खिशात वा पिशवीत, तर काहींना शेजारच्या दालनात ठेवण्यास सांगितले, आणि मग स्मृतीच्या व तर्काच्या कसोट्या दिल्या. तेव्हा फोन दालनाबाहेर असलेले उमेदवार मेजावर फोन असलेल्यांपेक्षा सरस ठरले. फोन पूर्णपणे बंद केल्यानेही फरक पडला नाही, आणि ज्यांना त्यावाचून करमत नाही त्यांचे नुकसान सर्वांत अधिक झाले. संशोधकांची उपपत्ती अशी, की गणितातला हातचा क्षणभर धरून ठेवणारी जी अल्पकालीन स्मृती, तिचा काही अंश फोनकडे न पाहण्याच्या निग्रहातच खर्ची पडतो. आणि मौज ही, की आपण फोनचा विचारही केला नाही, असेच बहुतेकांनी सांगितले! पुढे इतरांनी हा प्रयोग करून पाहिला, तेव्हा काहींना असा परिणाम आढळला नाही, हेही नमूद केले पाहिजे. तेव्हा मोबाईलने तरुण पिढीची बुद्धीच नष्ट केली, हा वडीलधाऱ्यांचा नित्याचा निवाडा या पुराव्यावर टिकणारा नाही. बुद्धी शाबूत असते. ती अन्यत्र गुंतलेली असते, इतकेच.

आमच्याच वऱ्हाडातील यवतमाळ जिल्ह्यात बान्सी गावाने २०२२ साली अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला; परंतु नोकरीच्या जाहिरातीपासून प्रवेशपत्रापर्यंत सारा कारभार ज्याच्यावर चालतो, ते यंत्र बावीस वर्षांच्या उमेदवाराकडून काढून घेण्याचा हुकूम कोण फर्मावणार? परीक्षेच्या दालनात मात्र त्याला मोबाईलविनाच बसावे लागते. मग अभ्यासिकांच्या चालकांनी दाराबाहेर कुलपाच्या खणांची तजवीज करावी, आणि वाटेल तेव्हा बाहेर जाऊन फोन पाहण्याची मुभा खुशाल द्यावी; खर्च एका कपाटाचा आहे.