छातीवरचा पहारेकरी

गेल्या गणेशोत्सवात आमचा एक जुना विद्यार्थी दर्शनाला आला. बडोद्याजवळच्या एका रासायनिक कारखान्यात तो देखभालीचे काम करतो. पाळी संपवून थेट आल्यामुळे सदऱ्याच्या गळपट्टीला अडकवलेले एक छोटे पिवळे यंत्र उतरवायचे राहून गेले होते. आमच्या नातवाने कुतूहलाने विचारले, "काका, हा रेडिओ आहे का?" तो हसून म्हणाला, "नाही रे बाळा, हे माझं दुसरं नाक. खरं नाक तिथं दगा देतं."

हे वाक्य आम्हास विचार करावयास लावणारे वाटले. हायड्रोजन सल्फाइड हा वायू अल्प प्रमाणात असताना त्याला कुजक्या अंड्याचा दर्प येतो. परंतु हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे 100 भाग झाले की घ्राणशक्तीच बधिर होते. वास गेला म्हणजे धोका टळला, असे समजून माणूस पुढे जातो आणि कोसळतो. हा वायू हवेहून जड असल्याने खड्ड्यांत, टाक्यांत आणि गटारांत साचून राहतो. एकाला वाचवावयास उतरलेला दुसराही त्यातच बळी पडतो. गळपट्टीवरचे हे यंत्र सामान्यतः दहा लाखांत 10 भागांवरच कर्कश ओरडते, थरथरते आणि दिवा लुकलुकवते. नाकाचा भरवसा जेथे संपतो, त्याच्या कितीतरी अलीकडे हा पहारेकरी जागा असतो.

अंगावर बाळगावयाच्या अशा साधनांची कल्पना नवी नव्हे. रुग्णालयातील क्ष-किरण विभागात काम करणाऱ्यांच्या छातीवर एक लहानसा बिल्ला वाचकांनी पाहिला असेल. त्यातील चकत्या किरणोत्सर्ग साठवून ठेवतात. प्रयोगशाळेत त्या तापविल्या की मिळालेल्या मात्रेच्या प्रमाणात प्रकाश देतात. आपल्या देशात अशा कामगारांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात 30 मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे. मात्र हा बिल्ला हिशेबनीस आहे, पहारेकरी नव्हे. झालेली नोंद तो मागाहून सांगतो. आणि कामाच्या वेळी तो टेबलाच्या खणात पडून राहिला, तर तेवढेही सांगत नाही. आता तर वाकण्याची पद्धत चुकली की कमरेवर थरथरणारे आणि उन्हातल्या मजुराच्या हृदयाचे ठोके मोजणारे यंत्रही निघाले आहे.

या साधनांमुळे नुकसानभरपाईचे दावे घटतात, असे उद्योजकांना सांगितले जाते. इजा घटल्याने दावे घटत असतील, तर त्याहून आनंदाची गोष्ट नाही. भरपाई आवश्यकच आहे. गटारसफाईतील मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली 10 लाख रुपये ठरविले आणि 2023 साली ती रक्कम 30 लाखांवर नेली. पण गेलेला माणूस त्याने परत येत नाही. बैल गेला अन् झोपा केला, अशातलाच तो प्रकार.

मात्र दावे घटविण्याची दुसरीही वाट आहे, आणि तिच्याविषयी सावध राहिले पाहिजे. 1923 च्या कामगार भरपाई कायद्यात अशी तरतूद होती की, सुरक्षेचे साधन कामगाराने जाणूनबुजून काढले वा डावलले, तर मृत्यू अथवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्याखेरीज मालकावर भरपाईचे दायित्व येत नाही. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तिचा आशय कायम आहे. म्हणजे यंत्रातील नोंद कामगाराच्या बाजूने साक्ष देईल, तशीच ती त्याच्याविरुद्धही वापरली जाईल. म्हणून ती नोंद त्यालाही पाहावयास मिळाली पाहिजे.

आमच्या विद्यार्थ्याने निघताना एक प्रसंग सांगितला. एकदा टाकीत उतरताच यंत्र वाजले. वरून आवाज आला, "पाच मिनिटांचं काम आहे, उरकून टाक." तो मुकाट्याने वर आला आणि काम अडविल्याबद्दल त्याने चार शब्द ऐकून घेतले. "सर, यंत्र फक्त ओरडतं. वर यायचं ते माणसानंच," तो म्हणाला. आम्ही वर्गात त्याला पुष्कळ शिकविले असेल. त्या दिवशी त्याने आम्हास शिकविले.

यंत्र विकत घेणे सोपे आहे. ते ठरल्या वेळी तपासणे आणि ते वाजल्यावर काम थांबविणाऱ्यास दूषण न देणे, हे कठीण आहे. पैशाने यंत्र मिळते, ही शिस्त मिळत नाही. आपल्यापैकी अनेक घरांतून रोज कोणी ना कोणी पाळीवर जातो. त्याला निरोप देताना "डबा घेतलास का?" असे आपण विचारतोच. त्याला जोडून "यंत्र लावलंस का?" एवढेही विचारावे, आणि ते वाजल्यामुळे तो एखादे दिवशी काम अर्धवट टाकून आला, तर त्याला शाबासकी द्यावी.