पांढुर्ण्याच्या खाली पन्ना

5 ऑक्टोबर 2023 रोजी पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली छिंदवाड्यातून निघाल्या आणि पांढुर्णा जिल्हा झाला. मैहरही त्याच वेळी जिल्हा झाला. मध्य प्रदेशाचे जिल्हे 55 झाले, तशी ऑनलाइन अर्जातली यादीही लांबली. इंग्रजी अक्षरक्रमाने लावलेल्या त्या यादीत पांढुर्ण्याच्या लगेच खाली पन्ना येतो. सौंसरच्या एका वाचक ताई विचारतात : बोट जरा घसरलं की अर्ज थेट बुंदेलखंडात! मग एकाआड एक ओळ रंगवत का नाहीत?

रंगवतात. जुन्या संगणकांच्या छपाईच्या लांबलचक कागदावर फिकट हिरवे पट्टे असत, ते याचसाठी. पण पट्टा किती गडद हवा, हा प्रश्न घेऊन मी आनंदाने पॅरिसला जातो.

1824 मध्ये मिशेल शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ तिथल्या गोबलँ गालिचा कारखान्यात रंगाईचे प्रमुख झाले. तक्रार होती, की काळा रंग निस्तेज दिसतो. शेव्रल यांनी दुसरीकडचा काळा धागा आणून ताडून पाहिला. रंगात खोट नव्हती. काळ्याशेजारी निळा-जांभळा धागा विणला, की काळा फिका पडायचा. दोष रंगाच्या हौदात नव्हता, पाहणाऱ्याच्या डोळ्यात होता! शेजारच्या दोन रंगांतला फरक डोळा वाढवून दाखवतो, हे त्यांनी 1839 च्या ग्रंथात मांडलं. चित्रकारांनी तो डोक्यावर घेतला. आज पडद्यावर रंग भरणाऱ्या किती जणांना शेव्रल ठाऊक आहेत? आयफेल मनोऱ्यावर कोरलेल्या 72 नावांत त्यांचं नाव आहे.

बारीक धाग्यांचं मात्र उलट होतं. संत्र्यांची नारिंगी जाळीची थैली आठवा. जाळीचा रंग फळात मिसळल्यासारखा वाटतो आणि हिरवट संत्रंही पिकलेलं दिसतं. आपल्या भागात हे कुणाला सांगायला नको. यादीची ओळ म्हणजे रुंद पट्टा, म्हणून तिथे शेव्रल यांचा नियम लागतो : अगदी पुसट राखाडी छटाही पुरते. गडद पट्टा अक्षरंच गिळतो. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर निदान 4.5 : 1 हवं, असा वेबचा सर्वमान्य दंडक आहे.

पण पट्ट्यांनी चुका टळतात का? जेसिका एंडर्स यांनी 2008 मध्ये तक्त्यांवर ही चाचणी घेतली. पट्टेदार आणि साध्या तक्त्यांत अचूकतेचा फारसा फरक निघाला नाही. लोकांना पट्टे आवडले मात्र. म्हणून ‘पट्टे मारा, चुका थांबवा’ हा दावा मला पटत नाही. आडव्या रांगेत नजर दूरवर न्यायची असेल, तर पट्टा हात धरतो. जिल्ह्यांच्या यादीत तर ओळीला एकच शब्द. तिथे बोटाला पुरेल इतकी उंच ओळ जास्त कामाची.

शिवाय मोबाइलवर ही यादी बहुधा फोन स्वतःच काढतो. संकेतस्थळाने दिलेले रंग तो जुमानत नाही. क्रोमने 2025 मध्ये, 135 व्या आवृत्तीत, अशी यादी मनासारखी सजवायची सोय दिली.

ताई, यादीत शोधायची सोय असेल तर इंग्रजीत ‘पी-ए-एन’ टाइप करा. उरतील दोनच नावं, पांढुर्णा आणि पन्ना. चौथं अक्षर ‘डी’ दाबा, पन्ना जाईल.