ठिपके नसलेला पिंगळा

भिवंडीत राहणाऱ्या माणसाचा कान वेगळाच असतो. यंत्रमागाची खटखट त्याला ऐकू येत नाही. ती थांबली की मात्र तो दचकतो. वीज गेली की गल्लीतली माणसं ओरडून बोलताना एकदम उघडी पडतात. चाळीस वर्षं मागावर काढलेला माझा एक मित्र तर घरीसुद्धा असा बोलतो, की शेजाऱ्यांना वाटावं भांडण चाललंय.

अशा गावातल्या माणसानं रानात जाऊन करायचं काय, असं मला विचारलं जातं. मी म्हणतो, काहीच करायचं नाही. हळू चालायचं आणि गप्प राहायचं. "जंगलात गेलो होतो, पण काही दिसलं नाही" अशी तक्रार करणारी मंडळी बहुधा आठ-दहाजणांच्या घोळक्यानं, गाणी लावून गेलेली असतात. जनावरानं त्यांना अर्ध्या मैलावरून ऐकलेलं असतं. दिसत नाही ते रान नव्हे, आपणच त्याला फार दिसतो.

भिवंडीहून नाशिकच्या रस्त्यानं निघालं, की पडघा, शहापूर, आटगाव करत तास-दीड तासात तानसाचं जंगल लागतं. तानसा हे नाव आपण नळाशी जोडतो. धरण १८९२ साली पुरं झालं, तेही मुंबईची तहान भागवण्यासाठी. त्याच्या मोठमोठ्या जलवाहिन्या आपल्याच तालुक्यातून मुंबईकडे जातात. पण पाणी राखायचं तर भोवतालचं रानही राखावं लागतं. त्यामुळे तलावाच्या अंगाखांद्यावरचं हे जंगल बरंचसं टिकलं आणि १९७० मध्ये अभयारण्य झालं. साग, ऐन, खैर, मोह, पळस, कुडा, मधूनच बांबूची बेटं. माहुलीचा किल्लाही याच रानात. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या सदाहरित जंगलाचा थाट इथे नाही. हे पानगळीचं रान. उन्हाळ्यात पाहिलं तर एखाद्याला ते चक्क मेलेलं वाटेल.

आणि याच साध्या दिसणाऱ्या सागाच्या रानात २०१४ साली एका पक्षीनिरीक्षकाला रानपिंगळा दिसला. ही बातमी केवढी मोठी होती हे कळायला या पाखराची कहाणी माहीत असायला हवी.

रानपिंगळा म्हणजे वीतभर उंचीचं एक घुबड. १८७३ साली ह्यूम या इंग्रज पक्षीतज्ज्ञानं त्याचं पहिलं वर्णन प्रसिद्ध केलं. पुढच्या काही वर्षांत मोजून सात नमुने जमा झाले. त्यातले कित्येक खानदेशातले, डेव्हिडसन नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्यानं मिळवलेले. १८८४ नंतर पाखरू गायब. मग मायनर्ट्झहागन या कर्नलनं १९१४ सालचा एक नमुना आपल्या नावावर पुढे केला, तो गुजरातेतल्या मांडवीचा म्हणून. लोक तिकडे शोधत राहिले. अमेरिकन संशोधिका पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले जुने नमुने तपासले, तेव्हा कळलं की कर्नलसाहेबांचा नमुना चोरीचा होता. डेव्हिडसनचंच पाखरू, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी लावलेलं! मग त्या आणि त्यांचे साथीदार खऱ्या नमुन्यांच्या जागी शोधू लागले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, आताच्या नंदुरबार जिल्ह्यात, रानपिंगळा भरदिवसा उघड्या फांदीवर बसलेला सापडला. एकशे तेरा वर्षांनी.

तो पुढे मेळघाटात आणि सातपुड्यात आणखी काही ठिकाणी आढळला. तरी खानदेशाच्या इतक्या दक्षिणेला, मुंबईच्या उंबरठ्यावर तो असेल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आपण ज्याचं पाणी पितो त्या रानात तो राहत होता आणि आपल्याला पत्ता नव्हता.

नेहमीचा पिंगळा आपल्या ओळखीचा. आमच्या घरात उर्दूत 'उल्लू' ही शिवी, आणि मराठीत घुबड म्हणजे अपशकुन. पण पिंगळा म्हटलं की पहाटे कुडमुडं वाजवत दारी येणारा, पाखरांची भाषा कळते म्हणून भविष्य सांगणारा पिंगळाही आठवतो. एकाच पाखराला आपण इतकी वेगवेगळी नावं ठेवली! रानपिंगळा मात्र या नेहमीच्या पिंगळ्यासारखा दिसूनही वेगळा. याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्याचं, चोच आणि पंजे दणकट. मुख्य म्हणजे हा दिवसा शिकार करतो. सरडे, पाली, नाकतोडे, उंदीर.

जानेवारीतल्या एका पहाटे, फजरची नमाज आटोपून मी त्या मोठ्यानं बोलणाऱ्या मित्राला घेऊन निघालो. सागाची पानं गळायला लागली होती. सागाचं एकेक पान सुपाएवढं. त्यावर पाय पडला की पापड मोडल्यासारखा आवाज. म्हणून आम्ही बैलगाडीच्या वाटेनं, जिथे पानांचा चुरा झालेला असतो तिथून चाललो. मित्राला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. तो डोळ्यांनी चालतो. माझे कान, त्याचे डोळे, अशी आमची भागी.

शांत रान गप्प नसतं, हे तिथे अर्ध्या तासात कळतं. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं. ते भुंकत राहिलं तर बिबट्या फिरत असण्याची शक्यता. वानर झाडाच्या शेंड्यावरून खाकरल्यासारखा इशारा देतं. आणि सातभाई, बुलबुल, कोतवाल यांनी एखाद्या झाडाभोवती कल्लोळ मांडला, तर तिथे साप किंवा घुबड आहे हे बहुधा पक्कं. लहान पाखरं आपल्या वैऱ्याला अशी घेरतात.

तसाच कल्लोळ आम्हाला ऐकू आला. मित्राला नुसत्याच हलणाऱ्या फांद्या दिसल्या. बेहड्याच्या झाडावर एक छोटं घुबड बसलं होतं, पिवळे डोळे आमच्यावर रोखून. माझा श्वास अडकला. मित्रानं दुर्बीण लावली, बराच वेळ पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा तो कुजबुजला, "टोपीवर बुट्टे आहेत. हा डॉबीचा माल. तुझा तो प्लेनवाला हा नव्हे." कापडवाल्याची नजर ती! पुस्तकात इतकी नेमकी खूण मी कुठे वाचलेली नाही.

पाखरू हाताशी आलं नाही याचं मला दुःख नाही. भीती आहे ती वेगळी. रानपिंगळा जुन्या झाडांच्या ढोलीत अंडी घालतो. ढोली पडायला झाडाचं वय व्हावं लागतं, आणि असं पोखरलेलं झाड माणसाला निकामी वाटतं, तेच आधी तुटतं. उन्हाळ्यात लागणारे वणवे खालचे सरडे-कीटक भाजून काढतात. काही ठिकाणी मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात. भातशेतीच्या राबासाठी ऐनाच्या फांद्या छाटतात. यात वारली, ठाकूर, कातकरी माणसांकडे बोट दाखवणं सोपं आहे. पण त्यांचा विळा पिढ्यान्‌पिढ्या चालला आणि रान उभं राहिलं. आपले हमरस्ते आणि गोदामं कालपरवाची आहेत, आणि भिवंडीभोवतीच्या किती टेकड्या त्यांनी गिळल्या हे बसच्या खिडकीतूनही दिसतं. २०१८ मध्ये रानपिंगळ्याचा दर्जा 'अतिसंकटग्रस्त'वरून 'संकटग्रस्त' झाला, म्हणजे कागदावर एक पायरी बरा. पण जगात त्याचं घर एवढा मध्य भारत सोडून दुसरीकडे कुठेच नाही.

जायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी बरा. कसारा लोकलनं आटगावला उतरूनही जाता येतं. वन खात्याकडे आधी चौकशी करावी, उजेडातच फिरावं, तीन-चारांहून जास्त जाऊ नये. कपडे मातकट रंगाचे. पाखराला बोलावण्यासाठी मोबाइलवर त्याचा आवाज वाजवण्याची खोड काहींना असते, ती नको. ते बिचारं शिकार सोडून, अंडी सोडून भांडायला येतं. पाणी घरूनच न्यावं. तलाव समोर दिसतो, पण तो मुंबईचा. काठाच्या शहापूर तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, तेव्हा तिथल्या हंड्याकडे हात करू नये.