वरात डेन्मार्कला, संसार माल्मोला

डेन्मार्कच्या दक्षिणेला एरो नावाचं बेट आहे. स्वेंडबोर्गहून फेरीबोटीनं सव्वा तास. फरसबंद गल्ल्या, ठेंगणी रंगीत घरं आणि त्या गल्ल्यांतून फोटो काढत फिरणारी नवरा-नवरीची जोडपी. त्यातली बरीचशी जोडपी डॅनिश नसतातच. ती आलेली असतात बर्लिनहून, म्युनिकहून, फ्रँकफर्टहून. पासपोर्ट दोघांचे दोन देशांचे, राहायला तिसऱ्यात, आणि लग्न मात्र या चौथ्याच देशात.

असं का होतं, हे कळायला आधी जर्मनी कळायला हवी. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपण म्हणतो. त्यात ‘जर्मनीत’ एवढी भर घालायला हरकत नाही. समजा, पुण्याची एक मुलगी म्युनिकमध्ये ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीच्या परवान्यावर, नोकरी करते आणि तिचा जोडीदार ब्राझीलचा आहे. तिथलं विवाह नोंदणी कार्यालय, म्हणजे श्टांडेसआम्ट, प्रत्येक परदेशी माणसाकडे त्याच्याच सरकारचा दाखला मागतं: या व्यक्तीला लग्न करायला आमच्या कायद्यानं आडकाठी नाही. जर्मनांना हवा तसा दाखला भारत देत नाही. मग त्या अटीतून सूट कोण देणार? तिथल्या वरिष्ठ न्यायालयाचे अध्यक्ष! आणि भारतीय जन्मदाखल्यावरचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का, जर्मनी मानत नसल्यामुळे जर्मन वकिलात भारतात वकील नेमून तो दाखला मूळ नोंदवहीशी ताडून घेते. यात महिन्यांमागून महिने जातात. हॉल बुक करायचा कसा?

डेन्मार्कचं सगळंच वेगळं. २०१९ पासून परदेशी जोडप्यांचे अर्ज एकच सरकारी कार्यालय तपासतं. पासपोर्ट, कायदेशीर वास्तव्याचा पुरावा, आधी लग्न झालं असेल तर घटस्फोटाचा हुकूम आणि नातं खरं आहे हे दाखवणारे फोटो, तिकिटं, असलं काही. एवढं पटलं की चार महिने चालणारं प्रमाणपत्र मिळतं आणि मग कुठल्याही नगरपालिकेत तारीख घ्यायची. विधी काही मिनिटांचा. साक्षीदार नसतील तर अनेक ठिकाणी नगरपालिकेची माणसंच उभी राहतात. हातात पडतं ते विवाह प्रमाणपत्र डॅनिश, इंग्रजी, जर्मन, फ्रेंच आणि स्पॅनिश अशा पाच भाषांत. आणि जिथे हे लग्न लागायला मारामार होती, ती जर्मनीही आता ते मान्य करते.

पण लग्न मान्य झालं म्हणजे राहायची परवानगी मिळाली, असं मुळीच नाही. आपल्या पुणेकर मुलीच्या जोडीदाराकडे जर्मनीतला स्वतःचा परवाना असेल तर चिंता नाही. पण व्हिसा लागणाऱ्या देशाचा एखादा जोडीदार पर्यटकाच्या शेंगेन व्हिसावर येऊन, एरोला लग्न लावून तसाच म्युनिकला राहायला गेला, तर मात्र त्याला सहसा मायदेशी परतून कुटुंबाचा व्हिसा घेऊनच यावं लागतं. लग्न लावणारी खिडकी वेगळी आणि एकत्र राहू देणारी वेगळी. दोन्ही खिडक्यांवरचे कारकून एकमेकांना ओळखतही नाहीत. हे एकदा लक्षात आलं की युरोपचा नकाशा भलताच मजेशीर दिसू लागतो.

कारण साऱ्या जगाची लग्नं अशी पटापट लावून देणारा हाच डेन्मार्क स्वतःच्या नागरिकांच्या परदेशी जोडीदारांच्या बाबतीत युरोपातल्या सर्वांत कडक देशांपैकी एक आहे. शेजाऱ्यांची कार्यं हौसेनं पार पाडायची आणि घरच्या पोराला मात्र सूनबाईला उंबऱ्याबाहेर थांबव म्हणायचं, त्यातला हा प्रकार. २००२ पासून तिथे ‘२४ वर्षांचा नियम’ आहे: नवरा-बायको दोघंही चोवीस वर्षांची झाल्याखेरीज परदेशी जोडीदाराला डेन्मार्कमध्ये राहता येत नाही. शिवाय घराची अट, बँकेतल्या हमीची अट आणि २०१८ पर्यंत देशाशी असलेल्या संबंधांचीही अट. सक्तीची लग्नं रोखण्यासाठी, असं सरकारनं सांगितलं. स्थलांतर रोखणं हाही हेतू होता, हे काही लपून राहिलं नाही.

मग तरुण डॅनिश मंडळींनी काय करावं? ती पूल ओलांडून गेली! कोपनहेगन आणि स्वीडनमधलं माल्मो यांना जोडणारा ओरेसुंड पूल १ जुलै २००० ला खुला झाला आणि २४ वर्षांचा नियम लागू झाला तो १ जुलै २००२ ला, बरोबर दोन वर्षांनी. डॅनिश माणूस डेन्मार्कमध्ये राहतो तेव्हा त्याच्यावर डॅनिश कायदा चालतो. तोच स्वीडनमध्ये राहायला गेला की तो मुक्त संचाराचा हक्क बजावणारा युरोपीय नागरिक ठरतो आणि त्याच्या जोडीदाराला युरोपीय संघाचा कायदा लागू होतो. त्या कायद्यात ना वयाची अट, ना बँकेची हमी. समुद्राखालचा बोगदा, पुढे एक कृत्रिम बेट आणि आठ किलोमीटरचा पूल, एवढं अंतर कापलं की तोच माणूस, तीच बायको, पण हक्क निराळे. सकाळी लोकल पकडून कोपनहेगनला कामावर, संध्याकाळी माल्मोला घरी, असे कित्येक संसार चालले.

परत यायचं झालं तर? त्याचं उत्तर एका भारतीय माणसाच्या खटल्यात आहे. सुरिंदर सिंग यांनी १९८२ मध्ये ब्रॅडफर्डला एका ब्रिटिश तरुणीशी लग्न केलं. दोघांनी काही वर्षं जर्मनीत नोकऱ्या केल्या आणि मग व्यवसाय करायला ते ब्रिटनला परतले. पुढे संसार मोडला आणि ब्रिटननं सिंग यांना देशाबाहेर काढायचं ठरवलं. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं. जुलै १९९२ मध्ये न्यायालयानं म्हटलं की दुसऱ्या सदस्य देशात नोकरी करून घरी परतणाऱ्या नागरिकाचा जोडीदारही युरोपीय कायद्याखालीच येतो. नाहीतर परतण्याची वाट बंद होईल या भीतीनं कुणी बाहेर पडणारच नाही. निकाल लागला तेव्हा घटस्फोट होऊन तीन वर्षं झाली होती. पण ‘सुरिंदर सिंग मार्ग’ हे नाव रूढ झालं. २०१२ मध्ये ब्रिटननं जोडीदार आणण्यासाठी वर्षाला १८,६०० पौंड उत्पन्नाची अट घातल्यावर कितीतरी ब्रिटिश लोक आयर्लंडला काही महिने नोकरी करून या मार्गानं परतले. ब्रेक्झिटनं तो मार्ग बंद केला. उत्पन्नाची अट २०२४ मध्ये २९,००० वर गेली.

इकडे डेन्मार्कच्या नियमांत २८ वर्षांचीही एक अट होती: ज्याचं डॅनिश नागरिकत्व २८ वर्षांचं झालं त्याला देशाशी संबंध सिद्ध करण्यातून सूट. जन्मानं डॅनिश असलेल्याला ती अठ्ठाविसाव्या वर्षी मिळे. टोगोमध्ये जन्मलेल्या एका माणसाला २००२ मध्ये डॅनिश नागरिकत्व मिळालं होतं. त्याला ही सूट मिळायची २०३० मध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी. तोवर बायकोला आणायला थांबायचं? त्यानंही माल्मो गाठलं आणि खटला भरला. मे २०१६ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं हा नियम भेदभावाचा ठरवला.

आपला भारतही या खिडक्यांच्या खेळात आहेच. परदेशातल्या भारतीयासाठी १९६९ चा परदेशी विवाह कायदा आहे. जोडप्यातला एक जण भारतीय असला की, तो देश हरकत घेत नसेल तर, दूतावासातला विवाह अधिकारी लग्न लावू शकतो, अर्थात नोटीस लावून, ३० दिवस थांबून. परदेशी जोडीदाराला भारतात राहायला आधी एंट्री व्हिसा. ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिक, कार्डासाठी नोंदवलेलं लग्न अर्जाआधी सलग दोन वर्षं टिकलेलं असावं लागतं. ते लग्न एरोच्या बेटावर लागलं होतं की सदाशिव पेठेत, याला महत्त्व नाही.