अर्ध्या किलोच्या आतलं पार्सल

उपनगरात नोकरी सांभाळून कानातली, राख्या, क्रोशाची तोरणं करणाऱ्या बायकांचं पहिलं कुरियर म्हणजे लोकल. दहा-बारा वर्षांपूर्वी व्यवहार साधा होता. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर जायचा, माल घाटकोपरच्या पुलावर किंवा बोरिवलीच्या तिकीटखिडकीपाशी हातात द्यायचा आणि पैसे तिथेच घ्यायचे. 8 जून 2014 रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि अंधेरीच्या गिऱ्हाइकाला मुलुंडचा माल द्यायला दादरचा वळसा घ्यायची गरज उरली नाही. ऑफिससाठी काढलेल्या पासावरच सगळं भागायचं. त्यामुळे पाठवणीचा खर्च वस्तूच्या किमतीत कोणी धरलाच नाही, आणि पुढे सगळ्यात जास्त नडलं ते हेच.

मुंबईबाहेरचं गिऱ्हाईक मिळालं की पोस्ट गाठायचं. स्पीड पोस्ट 1986चं, पण छोट्या धंद्याला त्याचा खरा आधार झाला तो ऑक्टोबर 2012च्या दरांमुळे. 50 ग्रॅमपर्यंत शहरातल्या शहरात 15 रुपये, देशात इतर कुठेही 35 रुपये, कर वेगळा. कानातल्यांचा जोड, खाली पुठ्ठा, वर बबल रॅप आणि पाकीट हे सगळं 50 ग्रॅमात बसवण्यात कसब होतं. काट्यावर 52 दिसलं की कात्रीने पुठ्ठ्याचा कोपरा उडवायचा, चिकटपट्टी काढून अरुंद लावायची, पुन्हा वजन करायचं. दोन ग्रॅमांसाठी केलेली ही खटपट मला फार मोलाची वाटते. शंभर-दीडशेच्या वस्तूत नफा उरायचा तो यातूनच.

शहरातल्या शहरातही प्रयोग झाले. 2018मध्ये घाटकोपरच्या शाळेतल्या एका तेरा वर्षांच्या मुलाने डबेवाल्यांना सोबत घेऊन ‘पेपर्स एन पार्सल्स’ सुरू केलं. तीन किलोपर्यंतचं पार्सल त्याच दिवशी पोचवायचं, दर 40 रुपयांपासून.

मग मार्च 2020 आला. लोकल थांबली, सभागृहांतली प्रदर्शनं बंद झाली आणि विक्री पूर्णपणे मोबाइलवर आली. अनेक कुरियर कंपन्यांचे दर एका पडद्यावर दाखवणाऱ्या सेवा तोवर रुळल्या होत्या. करार नाही, महिन्याला अमुक पार्सलं हवीत अशी अट नाही. दोन पिनकोड टाकले की भाडं समोर. (हा पिनकोड श्रीराम भिकाजी वेलणकरांनी बसवलेला, 15 ऑगस्ट 1972पासूनचा. घरगुती धंद्याने त्यांचे आभार मानायला हवेत.) मात्र पहिला टप्पा बहुतेक ठिकाणी अर्ध्या किलोचा. पार्सल 80 ग्रॅमचं असो की 480चं, भाडं तेच. वर कॅश ऑन डिलिव्हरीचा आकार, आणि गिऱ्हाइकाने घेतलं नाही तर परतीचंही भाडं. पूर्वी पोस्टाच्या व्ही.पी.लाही, म्हणजे पार्सल हातात देताना पैसे घेण्याच्या सोयीलाही, हीच धास्ती असायची.

सगळ्यात वाईट फटका हलव्याच्या दागिन्यांना. मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा मिळून वजन जेमतेम 300 ग्रॅम. पण दाणा तुटू नये म्हणून खोका मोठाच लागतो. 30 बाय 20 बाय 12 सेंटिमीटरचा धरू. लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार 7200; त्याला कुरियरवाले 5000ने भागतात. आलं 1.44, म्हणजे भाडं दीड किलोचं. संक्रांतीच्या तोंडावर हे कोष्टक पहिल्यांदा कळलेल्या बाईचा त्या हंगामाचा नफा तिथेच संपतो. खोका आधी आणि दागिन्याची रचना नंतर ठरवणाऱ्या बायका टिकल्या, कारण त्यांनी मुकुट सपाट बसेल असा करायला घेतला.

2025मध्ये टपालाचं गणितही बदललं. रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. ऑक्टोबरपासून 50 ग्रॅमच्या कागदपत्रांना शहरात 19 आणि बाहेर 47 रुपये. तेरा वर्षांनी दर वाढले याबद्दल तक्रार नाही. पण त्याच वर्षी 1 मे रोजी पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ आलं, 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपयांत. तसाच एक हलका टप्पा टपाल खात्याने घरगुती वस्तूंसाठी आणावा: 100 आणि 250 ग्रॅम, पाकिटाचा आकार ठरलेला, ट्रॅकिंगसह. तो येईपर्यंत वाचकांना एवढीच विनंती, की घरी केलेली वस्तू मागवताना पिनकोड आणि फोन नंबर नीट द्या, पैसे आधी भरा आणि पाठवणीच्या पन्नास-साठ रुपयांवर घासाघीस करू नका.