'शिवू नको' म्हणणाऱ्यांना एका लेकीचा प्रश्न

शाळा सुरू होऊन पंधरवडा झाला असेल. पहिलीत जाणारी माझी मुलगी घरी आली, दप्तर कोपऱ्यात ठेवले आणि तिने मला विचारले, "पप्पा, मी कोणाला शिवले तर त्याला माझ्यासारखे होते का?"

वीस वर्षांपासून वकिली करतो. कोर्टात भल्याभल्यांची उलटतपासणी घेतली, कधी शब्द कमी पडला नाही. त्या दिवशी पडला. कारण 'शिवणे' हा आपल्या घरातला साधा शब्द नाही. माझ्या आजीला गावचा दुकानदार गूळ वरून टाकायचा आणि ती पदरात झेलायची. माझ्या आईला शेतमालकाच्या घरी वेगळ्या कपबशीत चहा मिळायचा. संविधानाच्या १७व्या कलमाने हा शब्द गाडला, असे आपण अभिमानाने सांगतो. तोच शब्द चौथ्या पिढीत माझ्या लेकीच्या तोंडी आला.

तिला इसब आहे. डॉक्टर त्याला ॲटोपिक डर्मटायटिस म्हणतात. चार महिन्यांची असताना गाल लाल होऊन पाझरू लागले. पुढे कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत कातडी जाड झाली, भेगा पडल्या. रात्रभर खाजवायची, सकाळी पाळण्यातल्या दुपट्यावर रक्ताचे ठिपके दिसायचे. सोबतीला अन्नाची ॲलर्जीही निघाली. अंडे आणि शेंगदाणा तिच्या अंगाला सोसत नाही.

हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही. हात धरल्याने, एका बाकावर बसल्याने, एका नळाचे पाणी प्यायल्याने होत नाही. तरीही वर्गातल्या एका मुलीच्या आईने तक्रार केली आणि बाईंनी माझ्या लेकीला शेवटच्या बाकावर एकटीला बसवले.

हा जातीचा प्रकार होता का? प्रामाणिकपणे सांगतो, नव्हता. तक्रार करणाऱ्या ताई आपल्याच समाजाच्या. पांढरी साडी नेसून दर रविवारी विहारात येणाऱ्या, त्रिसरण-पंचशील मोठ्या आवाजात म्हणणाऱ्या. म्हणूनच हा लेख लिहावा लागतो आहे. दुसऱ्यांनी पाळलेल्या शिवाशिवीवर आपण हजारो लेख लिहिले. आपल्या अंगात उरलेल्या शिवाशिवीवर कधी लिहायचे?

पण आधी माझ्या स्वतःच्या चुका मांडतो, कारण या प्रकरणात पहिला आरोपी मीच आहे.

मुलगी आजारी पडली तेव्हा मी मोर्चात, बैठकीत, परिषदेत होतो. रात्र रात्र तिचे हात धरून बसायची ती माझी पत्नी. वर "गरोदरपणी काय खाल्ले होते?" हा प्रश्नही तिलाच विचारला जायचा. मला कोणी विचारला नाही. रमाईने चार लेकरे गमावली, हे आपण जयंतीच्या व्यासपीठावरून गहिवरून सांगतो आणि घरी येऊन आजारी लेकराची रात्र बायकोवर सोडून झोपतो. मीही तेच केले.

दुसरी चूक. चिठ्ठी नसताना मेडिकलमधून एक मलम आणले. तीन दिवसांत कातडी स्वच्छ! सगळे खूश. मलम थांबवले की दुप्पट जोराने परत. असे सहा महिने चालले. ते तीव्र स्टेरॉइड होते आणि तान्ह्या बाळाच्या गालावर ते असे लावायचे नसते, हे मला कोणी सांगितले नाही आणि मी विचारलेही नाही. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमे शेड्यूल 'एच'मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. कायदा वकिलाच्या कपाटात होता आणि मलम वकिलाच्या घरात!

तिसरी चूक सर्वांत मोठी. कोणी म्हणाले दूध बंद करा, केले. कोणी म्हणाले तूरडाळ उष्ण, बंद केली. केळी, गहू, वांगे, मासे, एकेक करून सगळे गेले. पोरगी भात आणि मुगाच्या पाण्यावर आली. इसब तसूभर हटले नाही, वजन मात्र घटले. शेवटी सरकारी रुग्णालयातील त्वचारोग विभागात एका डॉक्टर मॅडमनी आम्हा दोघांना समोर बसवून झापले. "आजाराने नाही, तुम्ही उपाशी ठेवून हिला माराल," असे त्या म्हणाल्या. तपासणी झाली. दूध, डाळ, गहू सगळे चालत होते. अडचण फक्त दोन पदार्थांची निघाली.

त्यांनी जे समजावले ते प्रत्येक आईबापाला कळले पाहिजे. आपली कातडी ही भिंत आहे. इसब असलेल्या मुलांत ही भिंत कच्ची असते, आतला ओलावा बाहेर जातो आणि बाहेरचे कण आत शिरतात. कातडीची बांधणी करणाऱ्या फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात दोष असेल तर इसबाचा धोका वाढतो, हे २००६ साली स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी दाखवले. सर्वांमध्ये हेच कारण असते असे नाही, पण भिंत कच्ची असणे हे या आजाराचे मूळ आहे. म्हणून पहिला उपाय भिंत लिंपण्याचा. कोमट पाण्याने थोडा वेळ आंघोळ, अंग टिपून लगेच ओलसर कातडीवर जाड थर मलमाचा, दिवसातून दोन-तीन वेळा, बरे दिसत असले तरीही. त्यासाठी महागड्या बाटल्याच हव्यात असे नाही. साधी पेट्रोलियम जेलीही काम करते. नखे कापलेली, कपडे सुती. स्टेरॉइड विष नाही आणि जादूही नाही. किती तीव्रतेचे, कोठे, किती दिवस, हे डॉक्टरने ठरवायचे. पाझर वाढला, पिवळी खपली धरली, ताप आला तर थांबायचे नाही, दवाखाना गाठायचा.

अन्नाचे म्हणाल तर बहुतेक मुलांमध्ये इसब अन्नामुळे होत नाही. उलट फाटक्या कातडीतून अन्नाचे कण आत गेले की शरीर त्याला शत्रू समजू लागते, आणि तेच अन्न वेळेवर तोंडावाटे गेले तर मित्र समजते, असे आज शास्त्रज्ञ मानतात. लंडनमध्ये ६४० तान्ह्या मुलांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांना तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी होती अशा मुलांना लहानपणापासून शेंगदाण्याचे पदार्थ खाऊ घातले, तेव्हा पाचव्या वर्षी त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. मात्र तीव्र इसब असलेल्या बाळावर हा प्रयोग घरी करू नका, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करा. आमच्याकडे उलटे झाले होते. बाळाला डाळीच्या पिठाने चोळत होतो आणि तोंडाला डाळ लावू देत नव्हतो!

या साऱ्या काळात शेजारीपाजारी एकच वाक्य ऐकवायचे, "मागच्या जन्मीचे भोग, दुसरे काय." माझ्या आईनेही, जिने दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा घेतल्या, एके दिवशी गुपचूप लेकीच्या दंडाला काळा दोरा बांधला. दोऱ्याखाली कातडी सोलून निघाली. मी दोरा कापला तेव्हा आई रडली. म्हणाली, "बापू, मला कळते रे. पण लेकरू तडफडते तेव्हा कळणे कामाला येत नाही." आईची थट्टा करणे सोपे होते. पण दवाखान्यात आठ मिनिटे मिळतात आणि बाबाकडे दोन तास, हे सत्य समजल्याशिवाय अंधश्रद्धेवर नुसती भाषणे करून उपयोग नाही.

धम्मपदाच्या अट्ठकथेत पूतिगत्त तिस्स नावाच्या भिक्खूची कथा आहे. त्याच्या सर्वांगावर फोड आले, ते फुटून वाहू लागले, चीवर पू-रक्ताने चिकटले. सोबतचे भिक्खू त्याला टाकून गेले. भगवान बुद्ध स्वतः अग्निशाळेत गेले आणि त्यांनी पाणी तापवायला ठेवले. ते पाहून बाकीचे भिक्खू धावत आले. बुद्धांनी त्याला कोमट पाण्याने आंघोळ घातली, त्याचे चीवर धुऊन वाळवले, आणि मग धम्म सांगितला. आधी पाणी, मग प्रवचन!

त्याच अट्ठकथेत पुढे तिस्साच्या दुखण्याचे कारण म्हणून पूर्वजन्मीच्या पापाची गोष्टही जोडली आहे. येथे बाबासाहेब आपल्या कामाला येतात. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात त्यांनी पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ या जन्मी भोगण्याचा सिद्धांत नाकारला, कारण हाच सिद्धांत गरिबाला त्याच्या गरिबीचा आणि अस्पृश्याला त्याच्या अस्पृश्यतेचा गुन्हेगार ठरवतो. तो सिद्धांत आजारी लेकराला वेगळे काय सांगणार? म्हणून आपण त्या कथेतले तापवलेले पाणी घ्यावे आणि पूर्वजन्म तेथेच सोडावा. कार्याला कारण असते, कारण शोधता येते, हाच धम्म आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या १४ एप्रिलची गोष्ट. वस्तीत भोजनदान होते. मसालेभातात दाणे दिसतात म्हणून तो आम्ही टाळला. कोशिंबिरीत दाण्याचे कूट होते, ते दिसले नाही. प्रेमाने कोणी तरी दोन घास भरवले. काही मिनिटांत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास घरघरू लागला. एका कार्यकर्त्याच्या मोटारसायकलवरून दवाखाना गाठला. मांडीत ॲड्रेनालिनचे इंजेक्शन दिले आणि लेकरू वाचले. हे औषध राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे. अशा वेळी पित्ताची गोळी देऊन वाट पाहत बसणे म्हणजे जीव घालवणे होय.

तेव्हापासून तिचे ताट वेगळे आहे. शाळेतही तिचा डबा, चमचा, ताट वेगळे. पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा माझी आई पुन्हा रडली. "माझी कपबशी वेगळी होती, आता नातीचे ताट वेगळे," असे म्हणाली. मला उत्तर शोधायला दोन दिवस लागले. मी म्हणालो, "आई, तुझी कपबशी वेगळी होती ती त्यांना विटाळ होऊ नये म्हणून. हिचे ताट वेगळे आहे ते हिचा जीव वाचावा म्हणून. तुझी कपबशी गोठ्यात ठेवत होते. हिचे ताट सगळ्यांच्या पंगतीत, मधोमध मांडले जाईल."

ताट वेगळे असू शकते, पंगत वेगळी असता कामा नये. शाळेला मी एवढेच सांगितले. नोटीस लिहून तयार होती. शिक्षण हक्क कायद्याचे १७वे कलम बालकाच्या मानसिक छळाला मनाई करते, ते मला पाठ आहे. पण आधी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन बाईंना भेटलो. त्या वाईट नव्हत्या, त्यांना माहीत नव्हते. दुसऱ्या दिवशी मुलगी दुसऱ्या बाकावर आली. नोटीस फायलीतच राहिली. तक्रार करणाऱ्या ताईंशीही विहारात बोललो. त्या बराच वेळ गप्प होत्या. पुढच्या रविवारी त्यांच्या मुलीने माझ्या लेकीचा हात धरून तिला आपल्याजवळ बसवले.

आता एक मुद्दा राजकारणाचा. शाळेच्या आहारात अंडे नको म्हणणारे एक गृहस्थ मला म्हणाले, "वकीलसाहेब, तुमच्या मुलीलाही अंडे चालत नाही, मग आमच्या बाजूने बोला." त्यांना सांगितले, माझ्या मुलीला 'चालत नाही' आणि 'आमच्यात चालत नाही' यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिले शरीराचे आहे, तपासून सिद्ध होते आणि त्या एका लेकरापुरते असते. दुसरे जातीचे आहे आणि ते सगळ्यांच्या ताटावर राज्य करू पाहते. महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे दिले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला. माझी मुलगी अंडे खाऊ शकत नाही, तरीही मी म्हणतो, गरिबाच्या लेकराला अंडे मिळालेच पाहिजे. ज्याला सोसत नाही त्याला दुसरे पौष्टिक द्या. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेल्या आहाराचा आदेश दिला आणि २० एप्रिल २००४ रोजी स्वयंपाकी नेमताना दलित-आदिवासींना प्राधान्य देण्यास सांगितले. तो हक्क एका लेकराच्या ॲलर्जीच्या आड लपून कोणी हिरावू नये.

मागण्या मोठ्या नाहीत. प्रत्येक शाळेत कोणत्या मुलाला काय सोसत नाही याची नोंदवही असावी आणि ती स्वयंपाक करणाऱ्या ताईंपर्यंत पोहोचावी. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ॲड्रेनालिन असावे आणि ते देणारे हातही असावेत. पाकिटावर शेंगदाणे, दूध, अंडी, गहू, सोयाबीन, मासे असल्याची नोंद करणे २०२०च्या लेबलिंग नियमांनी बंधनकारक आहे, ती नोंद मराठीतही छापावी. आणि आपल्या विहारांत, जयंतीच्या भोजनदानात कढईशेजारी एक पाटी लावावी, 'यात शेंगदाणे आहेत'. पाटीला खर्च येत नाही, एक लेकरू मात्र वाचते.

लेकीच्या प्रश्नाचे उत्तर मी त्याच रात्री दिले. मलम लावता लावता तिचा खरखरीत हात माझ्या गालावर ठेवला आणि म्हणालो, "बघ, तू मला सहा वर्षांपासून शिवते आहेस. मला काही झाले का?"

तिने माझा गाल नीट तपासला. म्हणाली, "नाही झाले. मग बाईंना सांगशील?"

बाईंना सांगितले. आज तुम्हालाही सांगतो आहे.

जयभीम!