लग्नाच्या जुन्या याद्या व त्यांचा कालनिर्णय

जुन्या घराण्यांचीं दप्तरें पाहणाऱ्या सभासदांस सनदा, वतनपत्रें व महजर यांचें मोल सांगावें लागत नाहीं. परंतु त्याच रुमालांत बांधलेल्या लग्नाच्या याद्या किरकोळ खर्चाचे कागद समजून बहुधा बाजूस सारल्या जातात. प्रस्तुत लेखकाच्या हातूनही हा प्रमाद घडला आहे. एका घराण्याचें दप्तर पाहत असतां मीं वतनाचे कागद उतरून घेतले व आहेराच्या यादीस कांहीं महत्त्व नाहीं असें मालकांस सांगितलें. पुढें त्या घराण्याच्या दोन शाखांतील वडीलधाकटेपणाचा प्रश्न निघाला तेव्हां त्या यादीची आठवण झाली. पण तोंपर्यंत ती रद्दींत गेली होती. असा तोटा इतरांस होऊं नये, एतदर्थ या कागदांचें स्वरूप व वाचनाची रीति येथें थोडक्यांत सांगतों.

विवाहाच्या सिद्धतेचे कागद सामान्यतः चार प्रकारचे आढळतात: मुहूर्ताचा कागद, सामानाची यादी, आमंत्रणांची व आहेराची यादी, आणि उपाध्यायांची विवाहप्रयोगाची पोथी.

मुहूर्ताच्या कागदावर पुष्कळदां शक नसतो. केवळ संवत्सराचें नांव, मास, पक्ष, तिथि, वार व घटिका एवढेंच असतें. दक्षिणेंतील संवत्सरचक्र ६० वर्षांचें असल्यामुळें एकच नांव दर ६० वर्षांनीं येतें. उदाहरणार्थ, नुसतें ‘शुभकृत् संवत्सर, माघ शुद्ध’ इतकेंच लिहिलेलें असेल, तर तो कागद शके १६४४, १७०४ किंवा १७६४ यांपैकीं कोणत्याही वर्षाचा असूं शकतो. अशा वेळीं तिथि व वार यांचा मेळ तीनही वर्षीं पाहावा. पेशवाईच्या कागदांत शुहूर सनाचे अरबी शब्द असतील तर काम सुलभ होतें, कारण त्या सनास असें चक्र नाहीं; मात्र तो मृगाच्या सुमारास पालटतो हें विसरूं नये. शके १७०४ च्या माघांत सलास समानीन मया व अलफ, म्हणजे ११८३, हा सन चालू होता.

दुसरी चूक घटिकांच्या गणनेंत होते. घटिका म्हणजे २४ मिनिटें, आणि तिची गणना सूर्योदयापासून. पाण्यावर सोडलेलें सच्छिद्र तांब्याचें घटिकापात्र बुडालें म्हणजे एक घटिका भरली. वारही सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत एकच. म्हणून ५० घटिकांवरील मुहूर्त सूर्योदयानंतर २० तासांनीं, म्हणजे उत्तररात्रीं, येतो. पंचांगाप्रमाणें वार आदलाच राहतो, परंतु इंग्रजी तारीख पालटलेली असते. जंत्रींतील तारीख तशीच उतरणारास येथें एका दिवसाचा फरक पडतो.

मुहूर्ताचे नियम कालनिर्णयास साहाय्य करतात, पण बेतानें. चातुर्मासांत विवाह होत नाहींत, गुरुशुक्रांच्या अस्तांत ते टाळतात, सिंहस्थाचाही निर्बंध प्रसिद्ध आहे. परंतु देशपरत्वें व अंशपरत्वें त्यास अपवाद निर्णयग्रंथांनींच सांगितले आहेत. म्हणून ‘हें वर्ष सिंहस्थाचें, सबब हा कागद त्या वर्षाचा नव्हे’ असें एकट्या त्या प्रमाणावर म्हणूं नये. याविषयीं शके १५२२ चा रामदैवज्ञाचा मुहूर्तचिंतामणि व पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा शके १७१२ चा धर्मसिंधु हे दोन ग्रंथ हाताशीं असावे.

सामानाच्या यादींत अपूर्णांकांच्या उभ्या रेघा सावधपणें वाचाव्या. ५॥ शेर म्हणजे साडेपांच शेर. ती रेघ विरामचिन्ह नव्हे. पायली, मण व खंडी यांचीं मानें स्थलपरत्वें भिन्न असत, यास्तव गांव निश्चित झाल्यावांचून आजच्या वजनांत रूपांतर करूं नये. योजनेचा उत्तम मासला पाहावयाचा असेल तर सवाई माधवरावांच्या विवाहाची मुद्रित यादी पाहावी. हा विवाह ता. १० फेब्रुवारी १७८३ रोजीं पुण्यास थत्ते यांच्या कन्या रमाबाई यांच्याशीं झाला. वराचें वय तेव्हां नवव्या वर्षांत होतें. पाहुण्यांचा सत्कार, भोजनाच्या पंक्ती व कोणतें काम कोणीं करावें, या सर्वांची तींत तजवीज आहे. वरवर पाहतां हा खर्चाचा कागद. वस्तुतः तो दरबाराच्या मानमरातबाचा लेख आहे.

आहेराच्या यादीचें मोल वंशावळीस अधिक. वंशावळी बहुधा वतनाच्या वादासाठीं लिहिलेली असते, त्यामुळें तींत एखादें नांव गाळण्याचा मोह असतो. आहेराची यादी लिहिणारास तो मोह नाहीं; कोणी काय दिलें आणि पुढें त्यांस काय द्यावयाचें, इतकेंच त्यास पाहिजे. शिवाय चुलते, मामा, आत्या, व्याही हीं नातीं तींत स्पष्ट असतात, आणि माहेरच्या बाजूचीं माणसें, जीं वंशावळींत येत नाहींत, तीं येथें सांपडतात.

प्रयोगाच्या पोथीसंबंधीं एवढेंच कीं, तिला सूत्राची नक्कल समजूं नये. पाणिग्रहण, लाजाहोम, अश्मारोहण व सप्तपदी हे विधि आश्वलायन गृह्यसूत्रांत आहेत. अंतरपाट व मंगलाष्टकें तेथें नाहींत. परंतु विवाहांत देशाचे व गांवाचे आचार निरनिराळे असतात हें त्या सूत्रकारानेंच मान्य केलें आहे. तेव्हां पोथीच्या समासांत उपाध्यायानें मोडींत लिहिलेली टीप ही अशुद्धि नसून त्या गांवच्या आचाराची साक्ष होय. तशीच वधूवरांचीं नांवें गुंफलेलीं मंगलाष्टकें जपावीं.

शेवटीं एक विनंति. हे चार कागद एका रुमालांत मिळाले तर ते विषयवार वेगळे करूं नयेत. मुहूर्ताच्या कागदास तिथि असते पण नांवें अपुरीं असतात. आहेराच्या यादींत नांवें असतात पण तिथि नसते. एकत्र असतां ते परस्परांस पूर्ण करितात. वेगळे झाले कीं दोन्ही मुके होतात. रुमाल सोडण्यापूर्वीं कागदांचा अनुक्रम लिहून ठेवावा, आणि उपयोग दिसत नाहीं एवढ्याच कारणास्तव कोणताही कागद मालकांस टाकावयास सांगूं नये.